मुलाखत तोंडावर आणि नाक चोंदलेलं!

सोनपेठच्या उमेदवाराला यूपीएससीची मुलाखत द्यायची, तर आधी परभणी गाठायची, मग सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली. एक रात्र गाडीतच जाते. पुढे शाहजहान रोडवरचं धोलपूर हाउस आणि 275 गुणांची मुलाखत. नेमकी तेव्हाच सर्दी झाली तर?

सर्दी 200हून अधिक विषाणूंमुळे होते, त्यात ऱ्हायनोव्हायरस आघाडीवर. ती साधारण 7 ते 10 दिवसांत आपोआप ओसरते. अँटिबायोटिकचा विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही.

खरी गोम गोळीत आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने गुंगी येते. म्हणून मुलाखतीच्या सकाळी नवी गोळी पहिल्यांदाच घेऊ नये. यांतल्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलही असतं. तापासाठी ते वेगळं घेतलं, तर मात्रा दुप्पट होते.

झायलोमेटाझोलिनच्या थेंबांनी नाक काही मिनिटांत मोकळं होतं. मात्र हे थेंब जास्त दिवस वापरले, की नाक उलट अधिकच चोंदतं. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

बाकी उपाय घरचेच: मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मध, भरपूर पाणी, पुरेशी झोप. खिशात दोन रुमाल ठेवावेत. आवाज बसला असेल, तर सुरुवातीलाच मुलाखत मंडळाला तसं सांगून टाकावं.