नेटबॉलमध्ये तुमची जागा कोणती? बिब अंगावर चढवण्याआधी हे ऐका

ज्यांना बसमध्ये किंवा ऑफिसात ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर देतेय. अडखळणं आणि चहाचे घोट तेवढे काढलेत. आजचा विषय नेटबॉल, आणि त्यातलाही एकच प्रश्न: हौस म्हणून खेळणाऱ्याने कोणती पोझिशन घ्यावी?

मी मेलबर्नला राहते. दिवसा सॉफ्टवेअर लिहिते आणि बुधवारी रात्री एका मिक्स्ड सोशल टीमची कॅप्टन असते. इथे नेटबॉल म्हणजे आपल्याकडचं गल्ली क्रिकेट समजा, प्रत्येक उपनगरात कोर्ट. दर सीझनला आपली बरीच मंडळी हौसेने नाव नोंदवतात आणि त्यातली काही तीन-चार आठवड्यांत गायब होतात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "अगं, वेळच मिळत नाही." जरा खोदलं की खरं बाहेर येतं. बॉल हातात आलाच नाही, कुठे उभं राहायचं ते कळलं नाही, आपण उगाच आहोत असं वाटलं. यातली निम्मी तरी माणसं खेळामुळे गेली नाहीत, पोझिशनमुळे गेली असं माझं मत आहे. परदेशात नव्याने आलेल्या माणसासाठी आठवड्यातला तो एक तास फार मोठा असतो हो. ऑफिसबाहेर ओळखी होण्याची ती एकच जागा असते कधी कधी.

आधी खेळ पटकन समजून घेऊ. टीममध्ये सात जण. कोर्ट 30.5 मीटर लांब, 15.25 मीटर रुंद आणि त्याचे तीन सारखे भाग. दोन्ही टोकांना 3.05 मीटर, म्हणजे 10 फूट उंचीवर रिंग. बास्केटबॉलइतकीच उंच, पण मागे फळी नाही, त्यामुळे आपटून बॉल आत घालायची सोय नाही. ड्रिबलिंग नाही. बॉल हातात आला की 3 सेकंदांत द्यायचा किंवा मारायचा. ज्या पायावर उतरलात तो उचलता येतो, पण बॉल सोडण्याआधी परत टेकवायचा नाही. लंगडी हा आपला हक्काचा खेळ असला तरी इथे लंगडी घातली की शिट्टी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिब. छातीवर-पाठीवर जी अक्षरं असतात ती तुमची परवानगी असते. माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगायचं तर रोलनुसार अ‍ॅक्सेस. जीएस, म्हणजे गोल शूटर, फक्त हल्ल्याच्या टोकाच्या भागात. जीए, गोल अटॅक, त्या भागात आणि मधल्या भागात. डब्ल्यूए, विंग अटॅक, तेच दोन भाग, पण रिंगसमोरच्या अर्धवर्तुळात जायला बंदी. सी, सेंटर, सगळीकडे, फक्त दोन्ही अर्धवर्तुळं सोडून. बचावाकडे याचंच प्रतिबिंब: डब्ल्यूडी, जीडी आणि शेवटी जीके, म्हणजे गोल कीपर. गोल करायचा अधिकार फक्त जीएस आणि जीएला, तोही 4.9 मीटर त्रिज्येच्या त्या अर्धवर्तुळातूनच. नको तिथे पाऊल पडलं की ऑफसाइड.

आता सोशल टीममध्ये पोझिशन कशी वाटली जाते ते बघा. उंच आहेस? जीके नाहीतर जीएस. पळतेस? सेंटर. नवीन आहेस? डब्ल्यूडी. झालं वाटप! इथल्या लोकांनी शाळेपासून हा खेळ खेळलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असते आणि नव्या माणसाला उरलेला बिब मिळतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं तसंच.

उंचीचं खूळ कुठून येतं ते कळतं. जमैकाची जनील फाउलर 1.98 मीटर उंच आहे. ती रिंगखाली उभी राहिली की तिच्या हातात वरून दिलेला बॉल अडवायला शिडी लागेल. पण ती जगातल्या अव्वल शूटर्सपैकी एक आहे. बुधवारच्या नऊच्या मॅचमध्ये तुमच्यासमोर फाउलर नसते, अकाउंट्समधली बाई असते. तिथे उंचीपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी जास्त ठरवतात, आणि नव्या माणसाला मी त्याच विचारते.

पहिली: बॉल तुमच्याकडे नसताना तुम्ही काय करता? सातातला एकच जण बॉल धरून असतो, म्हणजे मॅचचा बहुतेक वेळ तुम्ही रिकाम्या हाताने खेळता. काही माणसं आपोआप मोकळ्या जागेकडे पळतात. काही आपोआप समोरच्या माणसाला चिकटतात. काही थांबून सगळं कोर्ट बघतात. हे शिकवून थोडंफार बदलतं, पण पहिल्या सीझनला जे आपोआप होतं तेच खरं. पळणाऱ्यांनी डब्ल्यूए, जीए, सी यातलं काहीतरी बघावं. चिकटणाऱ्यांनी डब्ल्यूडी, जीडी. थांबून बघणाऱ्यांनी जीके किंवा जीएस.

दुसरी: चुकल्यावर तुमचं काय होतं? जीएसचा शॉट हुकला की सगळ्यांना दिसतं, आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा तिलाच मारायचा असतो. कुणाला यात मजा येते, कुणाचा हात थरथरतो. डब्ल्यूएचा पास चुकला की दोन सेकंदांत खेळ पुढे गेलेला असतो. जीकेचं तर आणखी वेगळं. तुम्ही शूटरच्या नियमातल्या अंतरापेक्षा जवळ जाऊन हात वर केलेत किंवा धक्का दिलात, तर नुसता फाऊल होत नाही. समोरचीने बॉल सोडेपर्यंत तुम्हाला तिच्या बाजूला गप्प उभं राहावं लागतं. ती निवांत नेम धरते आणि तुम्ही शाळेत बाकावर उभं केल्यासारखे! चिडक्या माणसाला हे झेपत नाही. आमच्या टीममध्ये एक जण ऑफिसात अतिशय शांत, पण जीकेचा बिब घातला की तिसऱ्या शिट्टीला भडकायचा. त्याला डब्ल्यूए दिलं, आता सगळ्यांना पाणी वाटत फिरतो.

आता एका श्रोतीचा मेसेज. नाव सांगत नाही. ती सहा महिन्यांपूर्वी इथे आली, उंची 5 फूट 1 इंच, शाळेत खो-खो खेळलेली. तिने लिहिलंय: "ताई, मला तीन आठवडे सलग डब्ल्यूडी दिलं. बॉल जेमतेम चार वेळा मिळाला. मी तिथे नसते तरी चाललं असतं. सोडू का?"

सोडू नकोस गं. मी स्वतः डब्ल्यूडी खेळते, त्यामुळे हे पक्षपाती समज, पण नीट ऐक.

प्रत्येक गोलनंतर खेळ मधल्या छोट्या वर्तुळातून सुरू होतो, त्याला सेंटर पास म्हणतात. गोल कुणीही केलेला असो, पास दोन्ही टीमच्या सेंटर आळीपाळीने घेतात. म्हणजे साधारण निम्मे सेंटर पास प्रतिस्पर्ध्याचे. शिट्टी होईपर्यंत दोन्ही सेंटर सोडून बाकी सगळे मधल्या भागाच्या बाहेर, रेषेपाशी दबा धरून. शिट्टी झाली की त्यांची डब्ल्यूए सुसाट आत येते, कारण बहुतेक वेळा पहिला बॉल तिलाच मिळणार असतो. सेंटरकडे आहेत 3 सेकंद, आणि तो पास मधल्या भागातच कुणीतरी घ्यावा लागतो. आता तू डब्ल्यूएच्या पुढे फक्त दोन सेकंद उभी राहिलीस, तिला हवी ती बाजू दिली नाहीस, तर सेंटर घाबरून दुसरीकडे बघते. घाईत फेकलेला बॉल तुमची जीडी उचलते. स्कोअरशीटवर तुझं काही नाही. बॉलला तुझा हातसुद्धा लागला नाही. पण तो बॉल तू जिंकलास.

आणि खो-खो! समोरची खांदा एकीकडे टाकते आणि पाय दुसरीकडे, हे ओळखायला तू शाळेत शिकली आहेस. हुलकावणी देणारा माणूस कंबरेकडे बघितलं की कळतो, डोळ्यांकडे बघून नाही. आपल्या कबड्डीवाल्यांनाही हे सांगेन. कोपऱ्यावर खेळलेला माणूस योग्य क्षणाची वाट बघायला शिकलेला असतो. तो जीडीला छान बसतो. फक्त पकड करायची नाही, नाहीतर काय होईल ते वर सांगितलंच.

तेव्हा तीन आठवड्यांत किती वेळा बॉल मिळाला हे मोजू नकोस. पुढच्या मॅचला एवढंच मोज: त्यांच्या किती सेंटर पासना पहिला बॉल डब्ल्यूएला मिळाला नाही? दोन मॅच असं मोजूनही कंटाळा आला, तर तुला बॉल हातात हवा आहे. त्यात वाईट काही नाही. मग डब्ल्यूए माग. खो-खोचे पाय तिथेही उपयोगी पडतात.

जीएबद्दल थोडं. सगळ्यांना हीच हवी असते. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेच्या फायनलमध्ये इंग्लंडच्या हेलन हौसबीने अगदी शेवटच्या क्षणी गोल मारला आणि ऑस्ट्रेलिया 52–51 ने हरली. ती जीए. इथे ती क्लिप अजून लोकांना बघवत नाही. पण जीए ही नव्या माणसासाठी सगळ्यात अवघड जागा आहे असं मी म्हणेन: सेंटर पासला पळायचं, बॉल पुढे न्यायचा, अर्धवर्तुळात जीएसच्या पायात न येता जागा शोधायची आणि धाप लागलेली असताना स्थिर हाताने नेम धरायचा. आधी दोन-तीन मॅच जीएस खेळून हात बसवा, मग जीए. आणि त्या इंग्लंड टीमची कर्णधार अमा अगबेझे बचावात खेळायची, हेही जाता जाता.

सेंटरबद्दल फार सांगत नाही. दमसास हवा. पण नुसती पळणारी सेंटर चौथ्या क्वार्टरपर्यंत दिशाहीन पळत असते, म्हणून पहिल्याच मॅचला घेऊ नका.

जीकेबद्दल मात्र एक गोष्ट कुणी सांगत नाही. सगळं कोर्ट समोर दिसणारी ती एकटीच, त्यामुळे तिला सतत बोलावं लागतं. "डावीकडे!", "मागे आहे!", "सोड तिला, मी घेते!" आपला विकेटकीपर कसा अखंड बडबडतो, तसं. आपली नवीन मंडळी इथे गप्प असतात, उच्चाराला कोण हसेल म्हणून. उंच आहे म्हणून एका गप्प मुलीला जीके दिलं, तर आख्खा बचाव मुका होतो. उलट अशाच एकीला मी पाहिलंय, जीकेला चार आठवडे ओरडून तिचं ऑफिसातलं बोलणंसुद्धा सुटलं. दोन्ही होतं. तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते तुम्हालाच ठाऊक.

गुडघे आणि घोटे. हे गंभीरपणे घ्या. वेगात येऊन एका पायावर थांबायचा हा खेळ आहे, आणि दुखापती प्रामुख्याने तिथेच होतात. "गुडघा दुखतोय, मग जीके खेळते, पळावं लागत नाही" असं लोक म्हणतात. पळणं कमी, कबूल. पण जीके आणि जीएसला गर्दीत उडी मारून, कुणाच्या तरी पायाशेजारी उतरावं लागतं, आणि तो झटका पळण्यापेक्षा वाईट असू शकतो. डब्ल्यूडी आणि सीला झटकन दिशा बदलण्याचा त्रास. दुखऱ्या गुडघ्यासाठी सुरक्षित बिब असा नसतोच, आधी फिजिओकडे जा. नेटबॉल ऑस्ट्रेलियाचा नी प्रोग्राम आहे, नीट उतरायला आणि थांबायला शिकवणारा, तो वॉर्म-अपमध्ये करा.

आता कॅप्टनला काय सांगायचं? "मला कुठेही चालेल" हे वाक्य आजपासून बंद. आपल्याला ते नम्रपणाचं वाटतं, कॅप्टनला त्यातून काहीच कळत नाही आणि उरलेला बिब तुमच्याकडे येतो. त्याऐवजी सांगा: "पुढच्या चार मॅच मला दोन पोझिशन द्या, अर्धी मॅच ही, अर्धी ती." क्वार्टर संपला की बिब बदलता येतात, त्यामुळे यात कुणाची अडचण होत नाही. शेजारच्या जोड्या घ्या: डब्ल्यूडी-जीडी, डब्ल्यूए-सी, जीएस-जीए. एका रात्रीत जीकेवरून जीएसवर उडी मारलीत तर दोन्हीकडचं काही कळणार नाही. मिक्स्ड टीममध्ये असाल तर लीगचा नियमही विचारून घ्या. आमच्याकडे एका वेळी तीनच पुरुष, आणि शूटर्स, मधली फळी, बचाव यांत प्रत्येकी एकच, त्यामुळे दोन मित्रांना एकत्र शूटर व्हायचं असेल तर जमत नाही.

आणि हो, नखं कापून जा, अंपायर सुरुवातीलाच हात तपासतात. दागिने घालून कोर्टवर उतरता येत नाही. लग्नाची अंगठी असेल तर वर टेप लावतात. मंगळसूत्र, जोडवी, चमकी काढायची की नाही यावर कोर्टच्या कडेला चर्चा नको, घरून ठरवून निघा. पहिला क्वार्टर त्यातच जातो.