आपल्या काळ्या पाषाणाचे माहेर

"सर, आयुष्यात एकदाच आणि आठवडाभरच परदेशी जायचे, तर निसर्गाचे रौद्र रूप पाहायला कुठे जावे?" पेणहून रोह्याला येताना एस.टी.त एका विद्यार्थ्याने मला विचारले. स्वित्झर्लंड हे उत्तर त्याला अपेक्षित असावे. मी म्हटले, "रियुनियन." त्याने हे नावही ऐकलेले नव्हते.

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला हे छोटेसे फ्रेंच बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्याशा जागेत ३,०७० मीटर उंचीचा एक निवालेला ज्वालामुखी आहे आणि त्याच्या शेजारी २,६३२ मीटर उंचीचा जागता ज्वालामुखी. त्याचे नाव 'पिताँ द ला फुर्नेज', म्हणजे भट्टीचे शिखर. पण मी हे बेट निवडले त्याचे कारण तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

घरातला जुना पाटा-वरवंटा पाहा. तो काळा, जड, बारीक कणांचा दगड म्हणजे बेसॉल्ट. पेण-रोह्याभोवतीचे डोंगर आणि पलीकडचा सह्याद्री याच दगडाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून शिलारस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. या शिलारसाचा उगम पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थानातून झाला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. ते स्थान जवळपास जागच्या जागी राहते आणि वरचे भूपट्ट सरकत जातात. जळत्या मेणबत्तीवरून कागद हळूहळू सरकवला तर त्यावर करपल्याच्या डागांची रांग उमटते, तसेच हे. (प्रयोग करायचा तर शिक्षकांच्या देखत!) लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन ही त्या डागांची रांग. आपला दगड हा पहिला मोठा डाग. शेवटचा अजून गरम आहे.

याला पुरावा काय? शिलारस थिजताना त्यातील लोहखनिजांचे सूक्ष्म कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. विषुववृत्तावर ही दिशा आडवी असते आणि ध्रुवांकडे जावे तशी ती अधिकाधिक तिरकी होते. दख्खनच्या दगडातील ही तिरपी दिशा सांगते, की तो थिजला तेव्हा विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकातच अशी मोजमापे झाली होती.

आता एक त्रैराशिक. रोहा ते रियुनियन सरळ अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, म्हणजे ४८ कोटी सेंटिमीटर. काळ ६.६ कोटी वर्षे. भागाकार करा: वर्षाला सुमारे सव्वासात सेंटिमीटर. आपली नखे वाढतात त्याच्या साधारण दुप्पट वेग! ही अर्थातच सरासरी झाली. भारत आरंभी याहून बराच वेगाने धावत होता आणि आशियाला धडकल्यावर मंदावला.

मी अजून तिथे गेलेलो नाही; पण सहा दिवसांचा बेत कागदावर तयार आहे. वाट मॉरिशसवरून आहे. तेथून रियुनियनला विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येते. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आहेत, तेव्हा वाटेत मराठी कानावर पडल्यास नवल वाटू नये.

जायचे कधी? जानेवारी ते मार्च मुळीच नाही. हा तिथला चक्रीवादळांचा काळ. जानेवारी १९६६ मध्ये बेटावरील फॉक-फॉक येथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. हा जागतिक विक्रम आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच्या जवळजवळ दुप्पट. १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाड्याची दैना केली हे ज्यांना घरातल्या थोरांकडून ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ निराळा सांगायला नको.

आपली मेची सुट्टी बरी. पण तिथे तेव्हा हिवाळा जवळ आलेला असतो. मेच्या मध्यास रोह्याला दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि दिवस सुमारे १३ तासांचा. रियुनियनला त्याच वेळी सूर्य उत्तरेकडे ५० अंशांवर आणि दिवस जेमतेम ११ तासांचा. पाहण्याचे दोन तास गेले, हे बेत करतानाच वजा करावे.

थंडीचेही गणित आहे. हवा दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. किनाऱ्यावर २४ अंश असतील, तर २,३०० मीटरवरील ज्वालामुखीच्या कड्यावर ९ अंश, आणि पहाटे त्याहून कमी. तरीही पहाटेच जायचे. ऊन चढले की दमट हवा उतारावरून वर सरकते, थंड होते आणि दहाच्या सुमारास कडा ढगात बुडतो. म्हणून सहापैकी दोन सकाळी मी ज्वालामुखीसाठी राखल्या आहेत. एक ढगात गेली तर दुसरी हाताशी असावी. उद्रेक सुरू झाला तर आतली पायवाट बंद होते. मग लांबूनच पाहायचे, हट्ट करायचा नाही. एप्रिल २००७ मध्ये शिखरावरील विवराचा तळ काही दिवसांत सुमारे ३०० मीटर खचला होता!

एक दिवस पूर्व किनाऱ्यावर, जिथे थिजलेला शिलारस समुद्रापर्यंत उतरला आहे. १९७७ मध्ये तो एका गावात शिरला आणि तिथल्या चर्चला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे गेला. एक दिवस मफात या खोल दरीसाठी. तिथे मोटाररस्ता नाही, पायीच उतरावे लागते. उरलेले दोन दिवस जाण्यायेण्यात जातात.

सामानात स्वेटर, भिंग आणि रोह्याच्या काळ्या दगडाचा बोराएवढा तुकडा घेणार आहे. तिथल्या ताज्या दगडात ऑलिव्हीनचे हिरवे स्फटिक पुष्कळ दिसतात. आपल्या तुकड्यात किती दिसतात, ते दोन्ही शेजारी धरून पाहायचे आहे.