जुन्या लॅपटॉपमधील बॅकअप बॅटरी : ओळख, बदल आणि विल्हेवाट

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’मध्ये किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’सारख्या प्रणालींमध्ये टंकित होत असे, आणि या फॉन्टचे अक्षरसंकेत परस्परांहून वेगळे असल्यामुळे त्या काळातील फाइल आजच्या संगणकावर उघडली, तर अक्षरांच्या जागी पुष्कळदा निरर्थक चिन्हे उमटतात. त्यामुळे पुण्यातील वारजे, कर्वेनगर किंवा कोथरूड येथील एखाद्या घराच्या माळ्यावर वा डीटीपी केंद्राच्या कपाटात त्या काळचा लॅपटॉप पडून असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी चालू करून पाहणे हे मराठी मजकूर जतन करण्याच्या दृष्टीने मोलाचे काम आहे. या कामातील पहिली अडचण अनेकदा एका लहानशा मृत बॅटरीची असते.

ही बॅकअप बॅटरी लॅपटॉपच्या मुख्य बॅटरीहून वेगळी असते. आयबीएमने १९८४ मध्ये आणलेल्या ‘पीसी एटी’ या संगणकात वेळ मोजणारी स्वतंत्र चिप बसवलेली होती आणि तिच्यातच ६४ बाइटची अल्पशी स्मृती होती. ‘सीमॉस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्मृतीत तारीख-वेळेबरोबर हार्ड डिस्कचा प्रकार आणि इतर मूलभूत जुळणी साठवली जात असे. चिपला जोडलेला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरत असल्याने त्यातून सेकंदाचा ठोका मिळतो. अशीच रचना असलेला लॅपटॉप बंद असतानाही हे काम चालू ठेवण्यास काही मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह लागतो, म्हणून लहानसा सेलही अनेक वर्षे पुरतो. तो संपला की तारीख बहुधा १ जानेवारी १९८० सारख्या आरंभबिंदूवर जाते, सुरुवातीलाच त्रुटीचा संदेश येतो आणि काही जुन्या यंत्रांना आपली हार्ड डिस्कही ओळखता येत नाही.

बदल करण्यापूर्वी सेलचा प्रकार ओळखणे हा या कामाचा गाभा आहे. सर्वपरिचित ‘सीआर २०३२’ हा ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा लिथियम सेल असून तो पुन्हा चार्ज करता येत नाही. उलट ‘एमएल’ किंवा ‘व्हीएल’ या अक्षरांनी सुरू होणारे सेल चार्ज होणारे असतात, तर काही लॅपटॉपमध्ये निकेलयुक्त सेलांचा ३.६ व्होल्टचा जोड वापरलेला आढळतो. चार्ज करणाऱ्या मंडलात साधा ‘सीआर’ सेल बसवल्यास तो तापून फुटण्याचा धोका असतो, म्हणून केवळ आकार जुळतो एवढ्यावर निवड करू नये.

निकेल-कॅडमियम सेल जुने झाले की त्यांतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा दाहक अल्कली द्रव पाझरतो आणि मदरबोर्डवरील तांब्याच्या वाहिन्या खातो. असा सेल, नवा मिळालेला नसला तरी, आधी काढून टाकावा. हातमोजे घालून हिरवट-निळसर थर पातळ व्हिनेगरने निष्प्रभ करावा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तो भाग पूर्ण कोरडा होऊ द्यावा.

प्रत्यक्ष बदल करताना यंत्र सुरू होत असेल, तर बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रणालीतील, जुळणी आधी टिपून घ्यावी आणि मग अडॅप्टर व मुख्य बॅटरी दोन्ही काढावीत. सेल कधी मेमरीच्या झाकणाखाली, तर कधी कीबोर्डखाली असतो, त्यामुळे त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका पाहूनच स्क्रू सोडवावेत. अनेक लॅपटॉपमध्ये सेलला लाल-काळ्या वायरी आणि लहान कनेक्टर असतो. त्यातील धन-ऋण टोकांचा क्रम उत्पादकागणिक बदलू शकतो, म्हणून तो मल्टिमीटरने तपासावा. सेलवर थेट सोल्डर करू नये, कारण त्या उष्णतेने तो फुटू शकतो. धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल घेणे श्रेयस्कर. पुण्यात असे सुटे भाग शोधण्याची जुनी जागा म्हणजे बुधवार पेठेतील तपकीर गल्ली.

काढलेला सेल घरच्या कचऱ्यात टाकू नये. केंद्र सरकारच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तर त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलनासाठी देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. तोवर सेलच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, कारण गिळलेला लिथियम सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो आणि अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. नवा सेल बसल्यावर तारीख व डिस्कची जुळणी पुन्हा भरावी आणि यंत्र सुरू होताच पहिले काम म्हणून त्यातील मजकुराची प्रत, आवश्यक त्या फॉन्टसह, दुसऱ्या साधनावर घ्यावी. सेल बदलल्याने यंत्राला आयुष्य मिळते ते याच कामासाठी.