कामगारांच्या वर्गणीतून सत्तेपर्यंत : फ्रेडरिक चिलुबा

१९६४ साली स्वतंत्र झालेल्या झांबियाचे अर्थकारण मुख्यतः तांब्यावर चालत असल्यामुळे तेथील खाणपट्ट्यातल्या कामगार संघटनांना राजकारणातही वजन होते. याच पट्ट्यातील न्डोला शहरात नोकरी करणारे फ्रेडरिक चिलुबा (१९४३-२०११) १९७४ मध्ये देशातील संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाचे अध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी एकपक्षीय राजवट आणली, म्हणजे स्वतःच्या पक्षाखेरीज इतर पक्षांना कायद्यानेच मज्जाव केला. तत्पूर्वी, १९७१ च्या कायद्याने एका उद्योगात एकच संघटना असा दंडक घालून वर्गणी पगारातून परस्पर कापण्याची सोय करण्यात आली होती. संघटना मुठीत ठेवण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेमुळेच महासंघाला हक्काचे उत्पन्न मिळाले आणि सरकारपुढे ताठ उभे राहणे त्याला परवडू लागले. १९८१ मधील संपांनंतर चिलुबा यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. तथापि न्यायालयाने त्यांची सुटका केली.

झांबियात मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे न्शिमा, हे रोजचे जेवण आहे. जून १९९० मध्ये या पिठाचा भाव दुपटीहून अधिक वाढताच लुसाकात दंगली उसळल्या आणि पुढच्याच महिन्यात बहुपक्षीय लोकशाहीची चळवळ उभी राहिली. तिचे नेतृत्व चिलुबा यांच्याकडे आले व ३१ ऑक्टोबर १९९१ च्या निवडणुकीत सुमारे ७६ टक्के मते मिळवून त्यांनी काउंडांचा पराभव केला.

सत्तेवर येताच मात्र त्यांनी पिठावरील अनुदान बंद केले, सरकारी उद्योग विकण्यास आरंभ केला आणि १९९३ च्या कायद्याने एका उद्योगात एकच संघटना हा दंडक उठवल्यामुळे महासंघात फूट पडण्यास वाव मिळाला. १९९६ मध्ये, उमेदवाराचे आईवडील झांबियाचेच असावेत अशी अट राज्यघटनेत घालून, ज्यांचे आईवडील आजच्या मलावीतून आले होते त्या काउंडांना निवडणुकीबाहेर ठेवण्यात आले. २००१ मध्ये तिसऱ्या कारकिर्दीसाठी चाललेली खटपट मात्र स्वपक्षीय, वकील आणि चर्चसंस्था यांच्या विरोधापुढे त्यांना सोडावी लागली. सरकारी पैशाच्या अपहाराबद्दल लंडनच्या दिवाणी न्यायालयाने २००७ मध्ये त्यांना जबाबदार धरले, तर लुसाकाच्या फौजदारी न्यायालयाने २००९ मध्ये निर्दोष सोडले.

काउंडांनी संघटनांना बांधून ठेवू पाहिले आणि त्या बळावल्या. चिलुबांनी त्यांना मोकळे केले आणि त्या विस्कळीत झाल्या. ज्या खाणकामगारांच्या बळावर चिलुबा सत्तेवर आले, त्यांची संख्या त्यांच्याच कारकिर्दीत झपाट्याने घटली.