नावेवर गाडा

बदली झाली, निवृत्तीनंतर गावचे घर उघडले किंवा मुलाची जुनी मोटार वडिलांकडे यायची ठरली, की ती हजार-दीड हजार किलोमीटर चालवत आणण्यापेक्षा वाहतूक कंपनीकडे सोपवणे अनेकांना सोयीचे वाटते. बंगळूर, दिल्ली, कोलकाता अशा शहरांतून गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर सतत सुटतात. ते मुळात नव्या मोटारी कारखान्यातून विक्रेत्याकडे नेण्यासाठी बांधलेले असतात. एका घरगुती गाडीसाठी अख्खा ट्रेलर कोणी सोडत नाही. म्हणून कंपनी गाडी आधी आपल्या यार्डात आणते आणि त्याच दिशेच्या आणखी गाड्या जमल्या की भरते. वेळ रस्त्यापेक्षा या थांब्यात अधिक जातो. ‘चार दिवसांत पोच’ असे सांगणाऱ्याला गाडी भरायची तारीख विचारावी, पोचण्याची नव्हे.

कोकणातल्या श्रीवर्धन गावापुरता खरा प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे. गावाला रेल्वे नाही; जवळचे मोठे स्थानक कोकण रेल्वेचे माणगाव. मुंबई-गोवा महामार्गावरून माणगावपर्यंत ट्रेलर येऊ शकतो, पण पुढे म्हसळ्याकडून येणारा वळणावळणाचा रस्ता आणि सुपारीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या गावातल्या अरुंद आळ्या त्याच्या आवाक्यातल्या नाहीत. त्यामुळे गाडी पनवेलला किंवा माणगावला उतरवून घेऊन पुढे चालवत आणणे शहाणपणाचे. हे ‘घरपोच’ दरात धरले आहे की नाही, आणि पुढे गाडी चालवणारा कंपनीचा की आपला, हे आधीच लिहून घ्यावे. गणेशोत्सवात अवजड वाहनांना या महामार्गावर दरवर्षी बंदी घातली जाते. नेमकी त्याच पंधरवड्यात प्रत्येकाला गाडी गावी हवी असते. पावसाळ्याच्या तोंडावर ठरवलेले काम म्हणूनच गणपतीच्या आत उरकलेले बरे.

दरात अंतर, गाडीचा आकार आणि उघडा की बंदिस्त ट्रेलर, या तीन गोष्टी येतात. बंदिस्त ट्रेलर महाग. साध्या घरगुती गाडीला त्याची गरज क्वचितच पडते. सगळ्यांत स्वस्त दर सांगणारा बहुधा दलाल असतो. तो काम दुसऱ्याला देतो, आणि गाडी भरल्यानंतर जादा पैशांची मागणी होण्याचे प्रकार इथेच घडतात. ‘कॅरेज बाय रोड’ कायदा २००७ चा. त्यानुसार सार्वजनिक माल वाहकाला नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि कंपनीच्या नावाची बिल्टी या तीन गोष्टींची विचारणा केली, की निम्मे दलाल आपोआप गळतात.

बिल्टीत गाडीची किंमत लिहिलेली असावी. कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार, जादा जोखमीचा दर भरलेला नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. पंधरा हजार भाडे दिले असेल तर दीड लाख. गाडी सात लाखांची असली तरी. विम्याबाबत एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. भारतातल्या सर्वसमावेशक मोटार विम्यात रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्गाने वाहून नेताना झालेले नुकसान सामान्यतः धरलेले असते. मात्र त्यावर दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. कमाल ५० टक्क्यांपर्यंत साठलेली सूट शून्यावर येते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर हे संरक्षणच नाही. म्हणून किरकोळ रकमेचा स्वतंत्र वाहतूक विमा घेणे परवडते, फक्त तो विमा कंपनीच्या नावाचा कागद हवा, वाहतूकदाराच्या लेटरहेडवरची दोन ओळींची हमी नव्हे.

गाडी सोपवताना ती धुतलेली असावी, म्हणजे जुने ओरखडे दिसतात. चारही बाजू, छत, चाके, काचा आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो काढावेत. आकड्याचा फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण ट्रेलरवर न चढवता गाडी चालवतच नेल्याच्या तक्रारी या धंद्यात नेहमीच्या. टाकीत पाव भागापेक्षा जास्त इंधन नको. फास्टॅग काढून ठेवावा, नाहीतर ट्रेलरवर बसलेल्या गाडीच्या खात्यातूनही टोल कापला जाऊ शकतो. डिकीत भांडीकुंडी भरून पाठवण्याचा मोह टाळावा. बिल्टीत नसलेल्या सामानाला वाली नसतो. उतरवताना खुणा दिसल्या तर पोचपावतीवर सही करण्याआधी त्या तिथेच लिहाव्यात. नुकसानीबद्दल वाहकाला लेखी नोटीस माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. त्याशिवाय दावा चालत नाही.

कोकण रेल्वेने मालवाहू ट्रक गाडीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा २६ जानेवारी १९९९ रोजी सुरू केली. घरगुती मोटारींसाठी ती २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी उघडली. एका फेरीत ४० गाड्या, भाडे ७,८७५ रुपये आणि प्रवास सुमारे १२ तासांचा. माणसे मोटारीत बसत नाहीत, जोडलेल्या डब्यात बसतात. किमान १६ गाड्या नोंदवल्या गेल्या तरच फेरी, अशी अट होती. कोलाड माणगावपासून जवळच, त्यामुळे गोव्याला जाणाऱ्या श्रीवर्धनकराला हा मार्ग सोयीचा. मुंबईकराला मात्र महामार्गाचा सर्वांत रखडलेला भाग आधी पार करूनच तिथवर यावे लागते.

नावेवर गाडा चढवणे इथल्या लोकांना नवे नाही. तालुक्याच्या उत्तरेला दिघी-आगरदांडा, दक्षिणेला सावित्री नदीच्या मुखाशी बागमांडला-वेसवी अशी जंगलजेटी चालते. मांडवा ते मुंबईचा भाऊचा धक्का ही रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड जोडले की मुंबईहून जयगडपर्यंत मोटार किनाऱ्याकिनाऱ्याने पाच फेऱ्यांनी जाते. ट्रेलरच्या हिशेबात हे बसत नाही, पण सुट्टीत स्वतः गाडी आणणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

आखातात नोकरीला असलेल्या श्रीवर्धनकरांना तिकडची गाडी आणावीशी वाटते. ती आणता येत नाही. वापरलेल्या आयात गाडीला उजवीकडचे स्टिअरिंग लागते आणि आखातात ते डावीकडे असते. शिवाय तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही. ती तिथेच विकून यावे.

देशातल्या देशात राज्य बदलले, तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी नमुना २८. कर्ज असेल तर बँकेची संमतीही. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी राहिली, की तिथला नवा क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. श्रीवर्धनसाठी हे काम पेणच्या कार्यालयात होते आणि गाडीला एमएच-०६ मिळतो. महाराष्ट्राचा कर भरल्यावर आधीच्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. तो अर्ज लवकर करावा. पुण्या-मुंबईहून आलेल्या गाडीचा क्रमांक तोच राहतो. फक्त पत्त्यातला बदल ३० दिवसांत कळवायचा असतो.