३८३५ मिलिमीटर

जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मार्च २०१७ मध्ये टाटा मोटर्सने ‘रेसमो’ नावाची दोन आसनी गाडी मांडली, तेव्हा सगळ्यांनी तिचे तीन आकडे छापले. ताकद १९० पीएस, टॉर्क २१० न्यूटन-मीटर, शून्यावरून शंभरला सहा सेकंद. वर उघडणारी दारं फोटोत झकास दिसत होती, म्हणून तीही छापली. चौथा आकडा तपशिलाच्या तक्त्यात राहून गेला. गाडीची लांबी ३८३५ मिलिमीटर होती. आसनांच्या मागे बसवलेलं इंजिन होतं १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं, टाटांच्या रेव्होट्रॉन घराण्यातलं. त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन त्याच वर्षी नेक्सॉनमध्ये ११० पीएस घेऊन बाजारात आलं. म्हणजे डिझाइन तुरिनच्या स्टुडिओत झालेली, इंजिन मधोमध असलेली ही स्पोर्ट्स गाडी भारतीय करखात्याच्या नजरेत अल्टोच्या पंगतीला बसत होती. माझ्या मते त्या प्रदर्शनातली ही सगळ्यात मोठी बातमी होती आणि ती कुणी दिली नाही. मराठी मुलखातल्या कंपन्यांनी प्रदर्शनांत मांडलेल्या वेगवान गाड्यांमध्ये आपल्या रस्त्यांना सर्वांत शोभणारी गाडी रेसमोच होती, आणि तिच्या न होण्याचं कारण इंजिनात किंवा गिऱ्हाइकात शोधणं चुकीचं आहे, असं मला वाटतं.

लांबीचं महत्त्व वाचकांना नव्याने सांगायला नको. २००६ च्या अर्थसंकल्पात ‘लहान गाडी’ची व्याख्या ठरली. चार मीटरच्या आत लांबी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्यात बसणाऱ्या गाडीचं अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. २००८ ची स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ ची ३९९५. मधल्या काळात तिची डिकी कुणी छाटली हे सांगायला डिझायनरची गरज नाही. जीएसटी आला तरी व्याख्या टिकली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीवरचा सेस गेला, तेव्हा लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के असे दोन सरळ खण झाले. या मापपट्टीला आपले मोटारप्रेमी वीस वर्षं शिव्या घालत आले आहेत. तिने सेडानची शेपूट तोडली हे खरंच आहे. पण स्पोर्ट्स गाडीला डिकीही लागत नाही आणि मागची सीटही लागत नाही. चार मीटर ही तिच्यासाठी ऐसपैस जागा आहे. रेसमोने हे ओळखलं होतं, आणि वर १६५ मिलिमीटर शिल्लक ठेवले होते.

आता रस्त्यांकडे येऊ. रत्नागिरीतून बाहेर पडायचं तर कोल्हापूरकडे आंबा घाट, मुंबईकडे परशुराम आणि भोस्ते आहेत. कशेडीला बोगदा झाला तरी त्याच्या दोन्ही टोकांना कोकणच आहे. किनाऱ्याने आरे-वारे, गणपतीपुळे किंवा पावस, पूर्णगड असं जावं तर खाडी, चढ, वळण, उतार, पुन्हा खाडी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि पहिल्या सरीबरोबर रस्त्यावर वाहून येणारी जांभ्याची लाल माती. या रस्त्यावर शून्यावरून शंभर किती सेकंदांत, या प्रश्नाला अर्थच उरत नाही, कारण शंभरला पोचेपर्यंत सरळ रस्ता संपलेला असतो. इथे विचारायचं ते वेगळं. तिसऱ्या गियरमध्ये वळणातून बाहेर पडताना गाडी किती लवकर ओढते? उतारावर दहाव्या वळणाला ब्रेकचं पेडल पहिल्याइतकंच घट्ट लागतं का? ओल्या वळणात पुढची चाकं सांगितलेल्या दिशेला जातात का? पहिल्याला टर्बो उपयोगी पडतो. रेसमोचा पूर्ण टॉर्क अडीच हजार फेऱ्यांना मिळत होता. उरलेल्या दोन्हींचं उत्तर मुख्यतः वजनात आहे. त्याच वेगावरून थांबताना दोन टनांची गाडी एक टनाच्या गाडीच्या दुप्पट उष्णता ब्रेकमध्ये ओतते, आणि तिचे टायर काही दुप्पट रुंद नसतात.

आपल्याकडची ‘पिकअप’ची हौस मात्र सरळ रेषेत वाढली. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते, त्यात पाव मैल अंतर कोण आधी कापतं हे पाहतात. मुंबईत सुपरकार मंडळींच्या मिरवणुका निघतात, वांद्रे-कुर्ला संकुलात ‘ऑटोकार परफॉर्मन्स शो’ भरत आला. त्यात वाईट काही नाही, पण विमानाच्या धावपट्टीवर तयार झालेली चव घाटात नेली की ती माणसं मारते.

रेसमोतला सर्वांत मोलाचा भाग मात्र इंजिन नव्हता आणि लांबीही नव्हती. तो होता ‘मोफ्लेक्स’ नावाचा सांगाडा आणि त्यामागचा माणूस, मार्चेल्लो गांदिनी. हा माणूस लॅम्बोर्गिनी मिउरा आणि काउंटाशमुळे ओळखला जातो, आणि त्या दोन गाड्यांची भिंतीवरची पोस्टरं पाहून वाढलेल्यांना त्याचं नाव नव्याने सांगायला नको. माझं कुतूहल मात्र त्याच्या उत्तरायुष्याविषयी आहे. बेर्तोने हे डिझाइनगृह सोडल्यावर त्याने १९८४ ची रेनॉ सुपरसॅंक काढली, म्हणजे बाजारहाटाची गाडी. रेनॉच्या मॅग्नम ट्रकची उंच, चौकोनी केबिनही त्याचीच. देखण्या रेषा काढण्यात तो धन्यता मानत होता असं त्याच्या कामावरून दिसत नाही. गाडी बनवायची पद्धतच बदलावी, हा ध्यास त्याला होता. मोफ्लेक्स ही त्या ध्यासाची शेवटची मोठी पायरी. त्यात वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकत्र आणून सांगाडा उभा करायचा होता, म्हणजे थोड्या संख्येतली गाडी परवडावी आणि आकार मोकळेपणी बदलता यावा.

हे का महत्त्वाचं, ते समजायला जरा मागे, इंदूरला जावं लागतं. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतून ड्युझेनबर्ग एसजे मागवली. सुपरचार्जर लावलेलं ६.९ लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन, कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. ड्युझेनबर्ग कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन विकायची. अंगावरचा पत्रा लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने हाताने ठोकून घडवला आणि त्याला इंदूरचे भगवा आणि काळा रंग दिले. एका गिऱ्हाइकासाठी एकच गाडी होऊ शकली, कारण सांगाडा आणि अंग या दोन वेगळ्या वस्तू होत्या. १९६५ मध्ये तुरिनला मिउराही आधी नुसता सांगाडा म्हणून मांडली गेली. गांदिनीने घडवलेलं अंग तिला पुढच्या वर्षी जिनिव्हाला मिळालं. साध्या गाड्यांत हे जग केव्हाच संपलं होतं. अंग हाच सांगाडा झाला, आणि प्रत्येक भागासाठी प्रेसखाली बसणारी पोलादी डाय आली. चाकणच्या कुठल्याही टूलरूममध्ये विचारा: डायचा खर्च गाडी शंभर विकली काय आणि लाख विकली काय, तेवढाच. लाख गाड्यांत तो विरघळतो, शंभरात तो गाडीच्या किमतीवर चढून बसतो. छोट्या संख्येची गाडी मरते ती इथे. गांदिनीचा मोफ्लेक्स नेमका या गाठीवर घाव घालत होता, आणि तो यशस्वी झाला असता तर त्याचा फायदा एका स्पोर्ट्स गाडीपुरता राहिला नसता.

मुंबईच्या दिलीप छाब्रियांनीही हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला होता. अॅस्टन मार्टिनने २००३ च्या डेट्रॉइट प्रदर्शनात मांडलेली व्हॅंटेज ही कल्पनागाडी त्यांच्या डीसी डिझाइनने भारतात घडवली होती, हे आज किती जणांना आठवतं? २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत त्यांची ‘अवंती’ आली. विक्रीला निघाली तेव्हा तिच्यात रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि २५० अश्वशक्ती होती, किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. इंजिन दोन लिटरचं असल्याने ती पहिल्या दिवसापासून वरच्या करखणात. अवंतीला मी कमी लेखत नाही, ती रस्त्यावर तरी आली. पण तिने परदेशी सुपरकारचा पोशाख अंगावर घेतला, आणि त्या पोशाखाच्या किमतीला लोक परदेशी शिक्काच मागतात. टाटांनी २००० मध्ये जिनिव्हाला दाखवलेली आरिया रोडस्टर आणि पुढच्या वर्षीची आरिया कूपे यांची गोष्ट याहून छोटी: गाड्या गेल्या, नाव उरलं, आणि २०१० मध्ये ते एका भल्यामोठ्या कुटुंबी गाडीला चिकटवलं गेलं.

रेसमोचा शेवट नाट्यमय नव्हता. टाटांचा प्रवासी गाड्यांचा धंदा तेव्हा तोट्यात होता, रेसमो जिच्यातून आली ती ‘टॅमो’ ही वेगळी शाखा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि खर्चाला कात्री लावताना पहिली धार तिच्यावर फिरली. ताळेबंदाच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय चूक म्हणता येत नाही. नेक्सॉन आणि नंतरच्या गाड्यांनीच कंपनी सावरली. पण त्या वर्षी स्पोर्ट्स गाडी परवडत नव्हती म्हणून ती कधीच परवडणार नव्हती, असा निष्कर्ष लोकांनी काढला, तो मला मान्य नाही.

त्यावर नेहमीचा आक्षेप येतो: दोन सीटची गाडी इथे घेणार कोण? मुलंबाळं, आईवडील, आंब्याच्या पेट्या बसणार कुठे? हिशेब मोठ्या संख्येचा असेल तर आक्षेप बरोबर आहे. माझदाने १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ मांडली तेव्हाही दोन आसनी उघडी गाडी ही गेलेल्या काळाची चैन समजली जात होती, आणि २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी बाहेर पडली. अर्थात ती जगभर विकली गेली, आणि इतकी संख्या इथे होणार नाही. पण संख्या थोडी असली तरी चालावं, याचसाठी तर मोफ्लेक्स होता. टाटांनी कोइम्बतूरच्या जयेम कंपनीला घेऊन २०१८ मध्ये काढलेली टियागो जेटीपी हा याच आक्षेपाचा दुसरा पुरावा म्हणून पुढे केला जातो. ११४ पीएस, ६.३९ लाख रुपये, चार दारं, पाच माणसं, तरीही दोन वर्षांच्या आत बंद. पण ती बंद झाली ती एप्रिल २०२० चे बीएस-६ प्रदूषणनियम येताना, आणि एवढ्या थोड्या गाड्यांसाठी इंजिन पुन्हा पास करून घेणं कुणाला परवडलं नाही. पुन्हा तोच छोट्या संख्येचा खर्च, फक्त या वेळी डायऐवजी प्रमाणपत्राचा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात. अशा राज्यात वेगवान गाडीची वकिली कशाला? मी वेगाची वकिली करत नाही, हे वर स्पष्ट झालं असेल. हलकी, खाली बसलेली, चांगल्या ब्रेकची गाडी घाटात चूक सावरायला जास्त जागा देते, उंच आणि जड गाडी कमी. आणि ‘स्पोर्ट’ हा शब्द आज सर्वांत जास्त वेळा कशावर छापलेला असतो ते पाहा: दोन टनांच्या एसयूव्हीवर.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. टाटांची हॅरियर ईव्ही ६.३ सेकंदांत शंभर गाठते, महिंद्रांची बीई ६ साधारण ६.७ सेकंदांत. रेसमोचा सहा सेकंदांचा दिमाख आता सहकुटुंब मिळतो, तर तिच्यासाठी रडायचं कशाला? शिवाय विजेची गाडी उतारावर मोटरला जनित्रासारखं वापरून वेग आवरते, ब्रेकवर सगळा भार येत नाही, बॅटरीही थोडी भरते. परशुराम घाट उतरताना हा मोठा फायदा आहे आणि तो कबूल केलाच पाहिजे. पण वळणात टायरवर येणारा बाजूचा ताण मोटर कमी करत नाही, आणि पावसात अचानक दरडीचा दगड समोर आला तर दोन टन हे दोन टनच राहतात. महिंद्रा समूहाच्या पिनिनफारिना बातिस्ताची १९०० अश्वशक्ती तर या वादात आणूच नये. फक्त दीडशे ठरवलेली ती गाडी कोट्यवधींच्या किमतीमुळे डायचा प्रश्न पैशाने मिटवते, बुद्धीने नाही.

गांदिनी मार्च २०२४ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जिनिव्हाचं प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेने गाशा गुंडाळला. दिल्लीचं प्रदर्शन मात्र ‘भारत मोबिलिटी’ या नावाखाली जोरात आहे, आणि एका बाबतीत ते जिनिव्हापेक्षा प्रामाणिकही आहे: तिथे दिसलेली अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये १२० पीएसच्या १.२ लिटर टर्बोसह खरोखर दुकानात आली. तरी तिथल्या मंचावरच्या पाट्यांवर ठळक अक्षरांत अश्वशक्ती, सेकंद आणि पडद्याचे इंच असतात. वजन आणि ओल्या रस्त्यावर ऐंशीवरून थांबायला लागणारं अंतर हे दोन आकडे ठळक छापलेली पाटी मी शोधतो आहे. करखात्याच्या तक्त्याचीही तीच गत आहे. रेसमोसारखी गाडी आज आली तर १८ टक्के, मोठी पेट्रोल एसयूव्ही ४० टक्के, आणि अडीच टनांची विजेची गाडी ५ टक्के. लांबीचा रकाना आहे, सीसीचा आहे, इंधनाचा आहे, किलोचा नाही.