रिपोर्टमधली शेवटची ओळ

आपल्याकडे मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट दोनदा वाचला जातो. पहिल्यांदा स्कॅन सेंटरच्या पायऱ्यांवर, पाकीट हातात पडल्या पडल्या. आणि दुसऱ्यांदा डॉक्टरांच्या टेबलावर. या दोन वाचनांमध्ये कधी दोन तास जातात, कधी दोन दिवस. तेवढ्या वेळात घरातल्या माणसांचे काय होते, हे ज्यांच्या घरी असे पाकीट आले आहे त्यांना सांगायला नको. रिपोर्ट इंग्रजीत असतो, पण तो अगदीच कळत नाही असेही नाही. थोडे शब्द ओळखीचे असतात आणि नेमके तेच घाबरवतात.

दोन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, कराडला माझ्या वडिलांना पहाटे आकडी आली. आयुष्यातली पहिलीच. अण्णांचे वय तेव्हा ७३. पोस्टातून निवृत्त झालेले, रोज पहाटे कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत फिरायला जाणारे. ब्लडप्रेशरची एक गोळी सोडली तर औषधांशी फारसा संबंध नाही. घरात आई एकटीच होती. आवाज ऐकून शेजारी धावून आले. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी दातांत चमचा घालायला निघाले, तो आईने हिसकावून घेतला. दोन-अडीच मिनिटांत झटके थांबले. मी पुण्याहून पोचले तोवर सीटी स्कॅन होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी होत्या. वयोमानानुसार सेरेब्रल ॲट्रोफी, म्हणजे मेंदूचे आकुंचन. सूक्ष्म रक्तवाहिन्यांमुळे झालेले जुनाट इस्केमिक बदल. उजव्या फ्रंटल लोबमध्ये एक लहानसा जुना इन्फार्क्ट आणि त्याभोवती ग्लायोसिस. डाव्या बाजूला, मागे, ९ मिलिमीटरचा मेनिंजिओमा. आणि तळाशी, अशा बहुतेक रिपोर्टांच्या तळाशी असते ती ओळ : 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली'.

संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने आपापला शब्द उचलला होता. मामांनी 'मेनिंजिओमा' मोबाइलवर शोधला आणि 'ट्यूमर' या शब्दापाशी येऊन ते थबकले. मुंबईला न्यायचे का, ऑपरेशनला किती लागतील, अशी बोलणी व्हरांड्यात सुरू झाली. भाऊ इस्केमियावर अडला. खुद्द अण्णांनी पोस्टातल्या सवयीने ओळीखाली बोट धरून सगळा कागद वाचला आणि मला हळूच विचारले, "काय गं, मेंदू आटत चाललाय म्हणजे आता मला माणसं ओळखू येणार नाहीत का?" 'जुना इन्फार्क्ट' या शब्दांकडे कुणाचेच लक्ष गेले नव्हते. जुने म्हणजे होऊन गेलेले, असाच सगळ्यांचा समज.

तिसऱ्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली. त्यांनी फिल्मचे पाकीट टेबलावर तसेच ठेवले आणि आईकडे वळून विचारले, "काकू, सुरुवात कशी झाली? आधी काय हललं?"

आई म्हणाली, "आधी डाव्या हाताची बोटं थरथरायला लागली. मला वाटलं, स्वप्नात आहेत. मग अख्खा हात उडायला लागला, मान डावीकडे वळली आणि मग सगळं अंग ताठ झालं."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"दुपारपर्यंत डाव्या हातात जोर नव्हता. शर्टाची बटणं मीच लावली."

मग त्यांनी फिल्म उजेडात धरली. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो. आकडी डाव्या हाताच्या बोटांपासून सुरू झाली, म्हणजे ठिणगी बहुधा उजव्या मेंदूत, हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या पट्ट्याजवळ पडली. जुना इन्फार्क्ट नेमका तिथेच होता. ज्या गाठीने घरात सर्वांची झोप उडवली होती, ती दुसऱ्या बाजूला, पार मागे. तिचा आणि डाव्या हाताचा मेळ बसत नव्हता. आईच्या चार वाक्यांनी रिपोर्टमधल्या चार गोष्टींपैकी एक पुढे आली.

ही पद्धत यंत्राच्याही आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे डॉक्टर आकडी कुठल्या अवयवापासून सुरू होते आणि कशी पुढे सरकते, हे बारकाईने टिपत असत. त्यावरून मेंदूच्या कुठल्या भागात बिघाड असावा, याचा ते अंदाज बांधत. आकडीनंतर काही काळ हात लुळा पडतो, ही गोष्ट रॉबर्ट टॉड यांनी त्याच शतकात नोंदवली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये झाला, तो १९७१ साली. त्या शोधासाठी त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले.

यंत्राचे मोल यामुळे कमी होत नाही. सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो आणि ताजा रक्तस्राव चटकन दाखवतो, म्हणून घाईच्या वेळी आधी तोच करतात. त्यात क्ष-किरण असतात. एमआरआयमध्ये ते नसतात, चुंबक असतो. त्याला वेळ जास्त लागतो, पण बारीक वण, लहान गाठी आणि रक्तवाहिन्यांचे जुने नुकसान त्यात अधिक स्पष्ट दिसते. मात्र दोन्ही तपासण्या दाखवतात ती मेंदूची रचना. आकडी ही विजेची गडबड. घराच्या भिंतींचा फोटो काढून वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट केव्हा झाले ते कळत नाही, तसेच हे. म्हणून आकडी आलेल्या पुष्कळांचा स्कॅन अगदी स्वच्छ असतो, आणि स्कॅनमध्ये काही तरी सापडलेल्या पुष्कळांना जन्मात आकडी येत नाही. विजेची नोंद घेणारा ईईजीसुद्धा त्या अर्ध्या-पाऊण तासापुरतेच बोलतो. तो नॉर्मल आला म्हणून आकडी आलीच नव्हती, असे होत नाही.

आता त्या शब्दांविषयी. वयाबरोबर केस पिकतात तसा मेंदूही थोडा आक्रसतो. 'वयोमानानुसार' हा शब्द रिपोर्टमध्ये असेल तर त्याचा अर्थ साधारणपणे तेवढाच. स्मृतिभ्रंशाचे निदान केवळ फिल्मवरून होत नाही. माणसाची आठवण, बोलणे आणि रोजचे व्यवहार पाहून होते. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरांना आपल्या हाताखालच्या सगळ्या पोस्टमनांची नावे म्हणून दाखवली. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे बदल, म्हणजे ते पांढरे ठिपके, साठीनंतर बहुतेकांच्या एमआरआयमध्ये कमी-अधिक दिसतात. ते फार असतील तर ब्लडप्रेशर, मधुमेह आणि तंबाखू यांच्याकडे बघावे लागते. मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणावरची गाठ. ती बहुतेक वेळा साधी असते आणि सावकाश वाढते. जागा तशी असेल तर तिनेही आकडी येऊ शकते. पण लहान आणि निरुपद्रवी जागी असेल तर नुसते लक्ष ठेवून काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये सर्वसामान्य नागरिकांतून निवडलेल्या २००० जणांचे मेंदूचे स्कॅन करण्यात आले. त्यांचे सरासरी वय होते ६३. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत पक्षाघाताच्या अशा खुणा निघाल्या, ज्यांचा त्यांना पत्ताच नव्हता, १.६ टक्के लोकांत साध्या गाठी निघाल्या, त्याही मुख्यतः मेनिंजिओमाच. म्हणजे शोधायला गेले की काही तरी सापडतेच. सापडलेले सगळेच आकडीचे कारण नसते.

आपल्या देशात याचे आणखी एक उदाहरण आहे. आकडीनंतरच्या स्कॅनमध्ये इथे एखादी लहान, कड्यासारखी गाठ वरचेवर दिसते. एके काळी ती बहुधा क्षयाची धरून क्षयाची औषधे महिनोन्महिने दिली जात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठींचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या अनेक गाठी पट्टकृमीच्या अळीमुळे झालेल्या निघाल्या. अशा पुष्कळ गाठी पुढे आपोआप विरतात. चित्र एकच, कारणे दोन. निवड करायची ती रुग्णाकडे पाहूनच.

अण्णांच्या बाबतीत कारण होते तो जुना इन्फार्क्ट, म्हणजे केव्हा तरी होऊन गेलेला लहानसा पक्षाघात, आणि ग्लायोसिस म्हणजे त्याचा राहिलेला वण. साठीनंतर पहिल्यांदा आकडी येते तेव्हा जी कारणे सापडतात, त्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार सर्वांत वरचा. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर आईला आठवले, की चार वर्षांपूर्वी दिवाळीत अण्णांच्या डाव्या हातातून फराळाचे ताट सुटले होते आणि दोन दिवस हात जड होता. झोपेत अवघडला असेल म्हणून अण्णांनीच तो विषय मिटवला होता. म्हणजे घरात ज्याची चर्चा झाली त्या गाठीपेक्षा ज्याची झाली नाही तो वणच महत्त्वाचा होता. पुढचा धोका आकडीइतकाच दुसऱ्या पक्षाघाताचा होता. रक्तातले सोडियम आणि साखर आधीच तपासून झाली होती, कारण त्यांच्या घसरणीनेही उतारवयात आकडी येते. आता हृदयाची आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली, ब्लडप्रेशरची गोळी बदलली, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून एक गोळी वाढली.

एकदा आकडी आली म्हणजे मिरगी जडली, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या सुमारे १० टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी आकडी येऊ शकते. कोणत्याही तात्कालिक कारणाविना आलेल्या पहिल्या आकडीनंतर दोन वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता २१ ते ४५ टक्के मानतात. मेंदूत वण असेल तर ती वाढते. म्हणूनच अण्णांना आकडीचे औषधही सुरू झाले. स्कूटर भावाने नेली, त्याचा राग अजून गेलेला नाही. नदीत उतरणे बंद झाले. संगमापर्यंतचे फिरणे मात्र डॉक्टरांनी आवर्जून चालू ठेवायला सांगितले, सोबत घेऊन. त्यानंतर आकडी आलेली नाही. गेल्या वर्षीच्या स्कॅनमध्ये ती गाठ होती तेवढीच होती.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी एवढे करावे. माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही तरी द्यावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ बघावे. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, किंवा शुद्धीवर न येताच पुन्हा सुरू झाले, तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणखी कुणी जवळ असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावे. त्यात संकोच नको. डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नव्हे, तर फिल्म किंवा सीडी, जुने स्कॅन असतील तर तेही, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न्याव्यात. आणि विचारावे : यातले आकडीशी जुळणारे कोणते? वयाचे कोणते? लक्ष ठेवायचे कोणते आणि आजच हालचाल करायची कोणत्या गोष्टीवर?

'प्लीज कोरिलेट क्लिनिकली' म्हणजे, कागदावरचे रुग्णाशी जुळवून पाहा. ही सूचना डॉक्टरांसाठी असते. पण जुळवायचे ते सगळेच यंत्रातून येत नाही. उरलेले घरातून न्यावे लागते. आधी कुठला हात हलला, मान कुठे वळली, किती वेळ चालले, नंतर बोलणे कसे होते, हे ज्याने पाहिले त्याच्याकडून त्याच दिवशी चार ओळींत लिहून घ्यावे. चार दिवसांनी सगळे नातेवाईक भेटून गेले, की ज्याने पाहिले त्यालाही नक्की आठवत नाही.